बर्फातले मोगल

“उधर मत जाइए मैडम, उधर मोगल हैं.”

गुलमर्गच्या उतारावर स्की शिकायला लागून तिसरा दिवस होता. आमचा शिक्षक तंगमर्गजवळच्या एका गावातला, पंचविशीचा तरुण. स्कीची काठी डावीकडे रोखून तो हे म्हणाला आणि मी जागच्या जागी थांबले. ज्या मुलखात मोगलांच्या घोड्यांना पाण्यातही संताजी-धनाजी दिसत असं सांगत मुलं मोठी होतात, तिथल्या माणसाचे कान या शब्दाला टवकारतातच. त्यात ते गुलमर्ग. जहांगीर बादशहाला काश्मीरचं केवढं वेड होतं ते शाळेत शिकलेलं, आणि त्याने या कुरणातली रानफुलं कशी गोळा करवली ते इथला प्रत्येक घोडेवाला सांगतो. तिकडे एखादी पडकी बारादरी असेल, एखादी जुनी बाग बर्फाखाली असेल, असं मला खरंच वाटलं. मी विचारलं, “कौनसे मोगल? जहांगीर के?”

तो हसला नाही. मला हळूहळू त्या कडेपर्यंत घेऊन गेला. समोर उतारभर पांढरी टेंगळं होती. काही गुडघ्याएवढी, काही कमरेएवढी, एकाला एक खेटून. घमेली पालथी घालून ओळीने मांडावीत तशी. “ये सब मोगल हैं,” तो म्हणाला.

त्या रात्री मुक्कामाच्या जागी शेगडीभोवती, म्हणजे तिथल्या बुखारीभोवती, पंधरा-वीस माणसं बसली होती. ऑस्ट्रेलियन होते, पोलिश होते, दिल्लीची दोन मुलं होती, श्रीनगरचे तिघे होते. सगळे एकमेकांशी एका तऱ्हेच्या इंग्रजीत बोलत होते आणि त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं. कोणाची ‘यार्ड सेल’ झाली होती, कोणाला ‘फेस शॉट’ मिळाला होता, उद्या ‘ब्लूबर्ड’ असणार होता, म्हणजे निरभ्र दिवस, हे नंतर कळलं. मी वही काढली आणि ऐकू येतील ते शब्द लिहून घ्यायला लागले. त्या वहीपासून हा लेख सुरू झाला. नंतरची दोन वर्षं मी त्या शब्दांच्या मागे आहे, आणि माझी खात्री झाली आहे की या खेळाचा खरा इतिहास विजेत्यांच्या यादीत सापडत नाही, तो उतारावरच्या या बोलीत सापडतो. कोण कोणाकडून शिकलं, कोण कुठून हाकललं गेलं, कोण पडलं, कोणावर अन्याय झाला, हे सगळं शब्दांत जसंच्या तसं राहिलं आहे.

मोगलांपासूनच सुरुवात करू.

ही टेंगळं सहसा कोणी बांधत नाही. स्पर्धेसाठी बांधतात ते वेगळं. एक स्कीअर वळतो, वळताना त्याच्या स्कीची कड बर्फ खरवडते आणि वळणाबाहेर छोटा ढीग टाकते. मागून येणारा तो ढीग टाळायला तिथेच वळतो, आणि ढीग वाढतो. दिवस मावळेपर्यंत शेकडो माणसांनी, एकमेकांशी एक शब्दही न बोलता, सगळा उतार कोरलेला असतो. याहून विलक्षण गोष्ट म्हणजे ही टेंगळं जागेवर राहत नाहीत, ती हळूहळू डोंगर चढतात. प्रत्येक टेंगळाच्या उताराकडच्या अंगाचा बर्फ खरवडला जातो आणि तो खालच्या टेंगळाच्या वरच्या अंगावर जाऊन पडतो. बर्फ खाली जातो आणि आकार वर सरकतो. हंगामभर नोंद ठेवून अभ्यासकांनी हे मोजलेलं आहे.

शब्द मात्र दिल्ली-आग्ऱ्याहून गेलेला नाही. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियातल्या बोलीत छोट्या टेकाडाला ‘मूगल’ म्हणतात. तिथल्या शिक्षकांच्या तोंडून इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो ऐकला. त्यांच्या भाषेत ‘मोगल’ हा शब्द आपल्याकडून केव्हाच गेलेला होता, बड्या श्रीमंत असामीसाठी ते तो वापरत. अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दात जाऊन बसला. कंपनी सरकारच्या छावणीत पहाऱ्यावरचा गोरा ‘हू कम्स देअर’ असं ओरडे आणि आपल्या शिपायांनी त्याचं ‘हुकुमदार’ केलं, तीच ही तऱ्हा. आज ऑलिंपिकमध्ये ‘मोगल्स’ नावाची स्पर्धा आहे. १९९२ मध्ये आल्बेरव्हिलला तिला पहिल्यांदा पदकं मिळाली. तिच्या नावात औरंगजेब नाही, आल्प्समधलं एक टेकाड आहे.

पण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी जर्मन शब्द एवढे कसे? सरळ खाली सुटणं म्हणजे ‘शुस’, त्याचा मूळ अर्थ बंदुकीचा बार. कंबर हलवत भराभर छोटी वळणं घेणं म्हणजे ‘वेडेल्न’, कुत्र्याने शेपटी हलवणं. मागे पडून बर्फात बुडाचा जो खड्डा पडतो तो ‘झिट्झमार्क’, बसल्याची खूण. याचं उत्तर बऱ्याच अंशी एका गावात आहे. ऑस्ट्रियाच्या आर्लबर्ग खिंडीजवळचं सांक्ट आंटोन. तिथे हान्नेस श्नायडरने पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून शिकवायची एक पद्धत बसवली. आधी व्हीच्या आकारात स्की धरून नांगर, मग अर्धं वळण, मग पूर्ण, अशा पायऱ्या. त्याआधी हे कौशल्य एकाकडून दुसऱ्याकडे जमेल तसं जात असे. श्नायडरने त्याचा अभ्यासक्रम केला आणि त्याचे शिष्य जगभर शिकवायला गेले. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतलं तेव्हा श्नायडरला अटक झाली. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत, न्यू हॅम्पशरमधल्या नॉर्थ कॉनवेला पोचला. युद्धात अमेरिकेने डोंगरी लढाईसाठी दहावी माउंटन डिव्हिजन उभारली, कोलोरॅडोतल्या कँप हेलला तिचं प्रशिक्षण झालं, आणि तिथे या ऑस्ट्रियन परंपरेतले अनेक जण होते. युद्ध संपल्यावर त्याच सैनिकांनी व्हेल, ॲस्पेन अशी ठिकाणं वसवली-वाढवली. जे राष्ट्र शत्रू होतं त्याची भाषा अमेरिकेच्या डोंगरांवर खेळाची भाषा झाली, कारण ती घेऊन येणाऱ्यांत त्या शत्रूपासून पळालेले लोक होते. ‘शुस’ म्हणताना आज हे कोणाच्या मनात येत नाही. यायला हवं, असं मला वाटतं.

मोगल आपले निघाले नाहीत म्हणून मी जरा हिरमुसले होते. मग त्याच वहीत पुढच्या पानावर ‘कंदाहार’ सापडलं.

जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्खेनला विश्वचषकाच्या उतरणीच्या शर्यती होतात. त्या उताराचं नाव कंदाहार. हे कंदाहार मात्र अगदी तेच, मोगल आणि इराणचे सफवी ज्याच्यासाठी पिढ्यान् पिढ्या भांडले ते. कानपूरला जन्मलेला इंग्रज सेनापती फ्रेडरिक रॉबर्ट्स १८८० मध्ये काबूलहून सैन्य घेऊन कंदाहारला गेला, तिथली लढाई जिंकला आणि पुढे ‘कंदाहारचा लॉर्ड रॉबर्ट्स’ झाला. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मोंटाना इथे इंग्रजांनी एक उतरणीची शर्यत भरवली, तिच्या चषकाला त्याचं नाव होतं. त्या मंडळींमधला आर्नल्ड लन हा माणूस तर मद्रासला जन्मलेला, १८८८ साली. खांबांमधून वळत जायच्या आधुनिक स्लॅलमचे नियम त्याने १९२२ मध्ये म्यूरेनला बसवले. १९२४ मध्ये तिथेच ‘कंदाहार स्की क्लब’ निघाला. १९२८ मध्ये लन आणि श्नायडर यांनी मिळून सांक्ट आंटोनला ‘आर्लबर्ग-कंदाहार’ शर्यत सुरू केली. पुढे स्कीला बूट अडकवायच्या एका तारेच्या पकडीलाही कंदाहार म्हणायला लागले. म्हणजे एका अफगाण शहराचं नाव एका इंग्रजाच्या पदवीत गेलं, पदवीतून चषकात, चषकातून क्लबात, क्लबातून बुटाच्या पकडीत आणि शेवटी बव्हेरियातल्या डोंगरावर. माझ्या कानाला जो मोगल वाटला तो मोगल नव्हता, आणि जे नाव मी ऐकून सोडून दिलं असतं ते खरोखर आपल्या बाजूचं होतं. तेव्हापासून कानावर विसंबून मी कुठल्याच शब्दाची जात ठरवत नाही.

जर्मनच्या खाली नॉर्वेजियनचा थर आहे. ‘स्की’ या शब्दाचा मूळ अर्थ चिरलेलं लाकूड, फळकूट. खुद्द नॉर्वेत त्याचा उच्चार ‘शी’च्या जवळ जातो. टेलेमार्क प्रांतातल्या मोर्गेदाल नावाच्या खोऱ्यात एक गरीब कूळ राहत असे, सोंद्रे नॉरहाइम, जन्म १८२५. त्याने टाचेभोवती लवचीक फांद्यांची पकड बसवली, त्यामुळे उडी मारली तरी स्की पायातून निसटेना आणि वळणं घेता यायला लागली. गुडघा वाकवून एक पाय मागे ठेवत घ्यायचं ‘टेलेमार्क’ वळण त्याच्या प्रांताच्या नावाने ओळखलं जातं. ‘स्लॅलम’ हाही त्याच खोऱ्यातला शब्द. ‘स्ला’ म्हणजे हलका उतार, ‘लोम’ म्हणजे बर्फात ओढत नेल्याने उमटलेली वाट. आज सेकंदाच्या शंभराव्या भागाने ज्या शर्यतीचा निकाल लागतो तिचं नाव लाकडं ओढणाऱ्यांच्या पायवाटेचं आहे. नॉरहाइम १८८४ मध्ये कुटुंब घेऊन अमेरिकेला गेला आणि १८९७ मध्ये नॉर्थ डकोटाच्या सपाट माळावर वारला. जवळपास डोंगर नव्हता.

दुसरं वळण ‘ख्रिस्टी’. दोन्ही स्की समांतर ठेवून, घसरत घेतलेलं. हे नाव क्रिस्तियानियावरून पडलं, म्हणजे ओस्लोच्या जुन्या नावावरून. शहराने १९२५ मध्ये नाव बदललं, वळणाने बदललं नाही. बॉम्बे गेली तरी सुक्या बोंबलाला परदेशात अजून ‘बॉम्बे डक’च म्हणतात, तसं.

या शब्दांच्या प्रवासातला मला सगळ्यात आवडणारा टप्पा जपानमधला आहे. जपानी माणूस स्कीच्या उताराला ‘गेरेंदे’ म्हणतो. काठीला ‘सुतोक्कु’, नांगरी वळणाला ‘बोगेन’, मागे उमटलेल्या मागाला ‘शुपूरु’, काचेसारख्या कडक बर्फाला ‘आइसुबान’. हे सगळे जर्मन शब्द आहेत, जपानी जिभेवर रुळलेले. गेलेंडे, श्टॉक, बोगेन, श्पूर, आइसबान. इंग्रजीतून सगळं उचलणाऱ्या देशात एवढं एक अंगण जर्मन का राहिलं? १९११ च्या जानेवारीत तेओडोर फोन लेर्ख नावाचा ऑस्ट्रो-हंगेरियन सेनाधिकारी निगाता प्रांतातल्या ताकादाला जपानी सैनिकांना स्की शिकवत होता. जपानमधल्या स्कीची सुरुवात तिथून धरतात. शिक्षक ज्या भाषेतला, खेळ त्या भाषेतला.

हे वाचताना मला विटी-दांडू आठवला. दांडूने अंतर मोजताना आम्ही म्हणायचो: वकट, लेंड, मुंड, नाल. अर्थ कोणाला विचारला नाही, सांगितलाही नाही कोणी. मोठेपणी तेलुगू आकडे ऐकले तेव्हा कळलं: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. कधीतरी कोणीतरी तिकडचं पोर आमच्या पूर्वजांबरोबर खेळलं आणि त्याची मोजणी मागे ठेवून गेलं. ते पोर गेलं, नाव कोणाला ठाऊक नाही, आकडे मात्र पिढ्यान् पिढ्या अंगणात राहिले. ताकादाचा ‘गेरेंदे’ आणि आमची ‘वकट’ सख्ख्या बहिणी आहेत.

आता बर्फ. मराठीत आपण रसवंतीत ग्लासात टाकतात त्यालाही बर्फ म्हणतो आणि आभाळातून पडतो त्यालाही. ‘हिम’ आहे, पण तो पुस्तकात. यात कमीपणा नाही. जे आपल्या अंगावर पडतं त्याची नावं आपण भरपूर ठेवली आहेत: भुरभुर, रिमझिम, पिरपिर, सर, झड, वळीव, संततधार, मुसळधार. ज्याच्यावर पोट अवलंबून असतं त्याला माणूस एका नावाने हाक मारून भागवत नाही. स्कीअरांचंही तसंच.

कोरडा, हलका, नुकता पडलेला बर्फ म्हणजे ‘पावडर’, लाडाने ‘पाव’. त्यातून जाताना तो छातीपर्यंत उसळून तोंडावर येतो तो ‘फेस शॉट’. जपानच्या होक्काइदो बेटावरचा तो ‘जापाव’. सैबेरियाचा कोरडा गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना वाफ पिऊन येतो आणि निसेकोच्या डोंगरांवर दिवसेंदिवस ओततो. कोलोरॅडोच्या स्टीमबोटला १९५० च्या दशकात जो मॅकेलरॉय नावाच्या पशुपालकाला तिथला बर्फ नाकाशी आल्यावर शँपेनच्या बुडबुड्यांसारख्या गुदगुल्या झाल्या, त्यावरून ‘शँपेन पावडर’ हे नाव पडलं. पुढे तिथल्या रिसॉर्टने त्या दोन शब्दांचा ट्रेडमार्क घेतला. लोकांच्या तोंडचा शब्द कोणी एकाने नावावर करून घ्यावा हे मला पटत नाही. युटा राज्याने आपल्या बर्फाला ‘पृथ्वीवरचा सर्वश्रेष्ठ बर्फ’ म्हटलं तेव्हा तर रिंगलिंग ब्रदर्स सर्कस कोर्टात गेली, कारण इंग्रजीत ते वाक्य त्यांच्या ‘सर्वश्रेष्ठ खेळा’पासून एका अक्षराने वेगळं होतं. १९९९ मध्ये अपिलातही सर्कस हरली.

पॅसिफिक किनाऱ्याजवळ, कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात, बर्फ दमट आणि जड पडतो. त्याला म्हणतात ‘सिएरा सिमेंट’. वीस सेंटिमीटर शँपेन वितळली तर जेमतेम एक सेंटिमीटर पाणी होतं. सिमेंटच्या आठ-दहा सेंटिमीटरांत तेवढं निघतं. नावं मजेची वाटतात, पण त्यांत हे गणित आहे. सिमेंटमध्ये गुडघा फिरतो, पावडरमध्ये माणूस तरंगतो. ‘डस्ट ऑन क्रस्ट’ म्हणजे कडक पापुद्र्यावर धुळीएवढा ताजा बर्फ: वरून लोभस, खाली दगा. ‘डेथ कुकीज’ म्हणजे विखुरलेले गोठलेले गोळे, वेगात पाय पडला की काय होईल ते नावातच सांगितलेलं. वाऱ्याने कोरलेल्या लाटांना ‘सास्त्रुगी’ म्हणतात. तो रशियन शब्द, रंधा मारण्याच्या क्रियेवरून आलेला, आणि त्या लाटा पाहिल्या की सुताराच्या बाकड्याची आठवण येतेच. रात्री यंत्रं फिरवून सारखा केलेला उतार म्हणजे ‘कॉर्डरॉय’, त्या रेघारेघांच्या कापडावरून. गुलमर्गला पहाटे पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मला कापड सुचलं नाही. शेणाने सारवलेल्या अंगणात बोटांच्या रेषा उठतात, तशा त्या होत्या. अजून कोणाचं पाऊल पडलेलं नव्हतं.

आणि ‘कॉर्न’. वसंतात दिवसा बर्फ वितळतो, रात्री गोठतो, असं बरेच दिवस झालं की त्याचे मक्याच्या दाण्यांसारखे कण होतात. पहाटे ते एकमेकांना घट्ट चिकटलेले, उतार दगडासारखा. दुपारी सगळा चिखल. मध्ये तास-दोन तास असे येतात की वरचा बोटभर थर सुटलेला असतो आणि खालचा घट्ट. त्या वेळी त्या उतारावर असायला हवं. जाणकार आधी पूर्वेकडचा उतार धरतात, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा, उन्हाच्या मागोमाग. याला मराठीत एकच शब्द जवळचा आहे, आणि तो बर्फाचा नाही: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही, ढेकूळ हातात भुगा होतं, त्या दिवशी पेरायचं. काल लवकर होतं, परवा उशीर झालेला असेल. वाफसा ओळखणारा शेतकरी आणि कॉर्नची वेळ ओळखणारा स्कीअर एकाच शाळेतले.

माणसांच्या नावांकडे मी भराभर जाते, कारण ती जगात सगळीकडे सारखी असतात. नवख्याला अमेरिकेत ‘गेपर’ किंवा ‘जेरी’. टोपी आणि गॉगल यांच्यामध्ये उघडं राहिलेलं कपाळ म्हणजे ‘गेपर गॅप’. बेफाम जाणाऱ्याला जर्मनीत ‘पिस्टनझाउ’, म्हणजे उतारावरचं डुक्कर. ओढून वर नेणाऱ्या लिफ्टला फ्रेंच म्हणतात ‘तिर-फेस’, सरळ मराठीत ढुंगणओढ्या. ऑस्ट्रियातली ‘आइनकेअरश्वुंग’ म्हणजे ते वळण, जे घेतल्यावर माणूस थेट खानावळीच्या दारात पोचतो. आणि ‘यार्ड सेल’ ही पडण्याची एक जात: टोपी इथे, एक स्की तिथे, दुसरी खाली, काठ्या कुठेतरी. अमेरिकेत लोक घरापुढच्या हिरवळीवर जुनं सामान मांडून विकतात, तसं दिसतं. माझीही एकदा झाली. शिक्षक एकेक वस्तू गोळा करत वर आला आणि शेवटचा हातमोजा देताना म्हणाला, “पिझ्झा, मैडम. पिझ्झा छोड़ा, इसलिए गिरीं.”

या पिझ्झ्याबद्दल मला सांगायचंच आहे. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवली की वेग कमी होतो. श्नायडरच्या काळात याला नांगर म्हणत. आज लहान मुलांना ‘पिझ्झा’ म्हणून शिकवतात, आणि स्की समांतर केल्या की ‘फ्रेंच फ्राइज’. काहींना हा शब्दांचा ऱ्हास वाटतो. मला वाटत नाही. नांगर ज्याने पाहिलेला नाही त्याला नांगर सांगून उपयोग काय? पिझ्झ्याचा तुकडा पाच वर्षांच्या पोराच्या डोळ्यापुढे लगेच उभा राहतो आणि त्याचा पाय वाचतो. गुलमर्गमध्ये फेरन घातलेली, गालांवर थंडीने लाली चढलेली मुलं “पिझ्झा, पिझ्झा” ओरडत उतरताना मी पाहिली. त्यांच्या गावात पिझ्झा मिळत असेल की नाही कोण जाणे, शब्द पोचला होता आणि काम करत होता.

स्नोबोर्डची बोली निराळ्या घरातली आहे. १९६५ च्या नाताळच्या दिवशी मिशिगनच्या मस्कीगन गावात शर्मन पॉपेन या गृहस्थाने मुलींसाठी दोन स्की आडव्या पट्ट्यांनी जोडून एक फळी केली. त्याच्या पत्नीने, नॅन्सीने, ‘स्नो’ आणि ‘सर्फर’ एकत्र करून तिला ‘स्नर्फर’ म्हटलं. १९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटरने व्हरमाँटला फळ्या बनवायला घेतल्या, तिकडे टॉम सिम्स स्केटबोर्डच्या दुनियेतून आला. म्हणून या लोकांचे शब्द आल्प्सचे नाहीत. ते कॅलिफोर्नियाच्या समुद्राचे आणि फ्लोरिडाच्या सिमेंटचे आहेत. ‘गूफी’ म्हणजे उजवा पाय पुढे ठेवणारा. या शब्दाची सांगड डिस्नेच्या त्या लांब कानांच्या गूफीशी घालतात, १९३७ च्या एका लघुपटात तो लाटेवर फळी घेऊन उतरला होता. हात न लावता फळीसकट उडी म्हणजे ‘ऑली’, फ्लोरिडाच्या ॲलन गेलफँडचं टोपणनाव. ‘स्टेलफिश’ ही हवेत फळी पकडायची एक रीत. प्रसिद्ध स्केटबोर्डपटू टोनी हॉक १९८५ मध्ये स्वीडनच्या उन्हाळी शिबिरात होता, तिथल्या जेवणातल्या मासळीबद्दल त्याने वहीत ‘शिळा मासा’ असं लिहिलं, कोणाला ते त्याच्या नव्या युक्तीचं नाव वाटलं आणि तेच राहिलं.

स्कीअरांनी या पोरांना बरीच वर्षं डोंगरावर येऊ दिलं नाही. १९८० च्या दशकात बहुतेक रिसॉर्टांत त्यांना बंदी होती, आणि युटातलं आल्टा, डीअर व्हॅली आणि व्हरमाँटचं मॅड रिव्हर ग्लेन यांनी दारं आजही उघडलेली नाहीत. ‘नकल-ड्रॅगर’ ही शिवी तेव्हाची, हाताची बोटं जमिनीला घासत चालणाऱ्या माकडावरून. १९९८ मध्ये नागानोला स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये आला. शिवी अजून आहे, पण आता फळीवाले ती स्वतःच मिरवतात.

या सगळ्यात एका शब्दाने माझी झोप उडवली. ‘म्यूट ग्रॅब’. पुढच्या हाताने फळीची बोटांकडची कड पकडणं. स्केटबोर्डवरून स्नोबोर्डवर आणि तिथून स्कीवर आलेली ही पकड हजारो मुलांनी केली, समालोचकांनी हजारदा उच्चारली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पहिल्यांदा करणारा मुलगा म्हणजे ख्रिस वेडल. त्याला ऐकू येत नव्हतं. भोवतालच्या मुलांनी त्याला मुका ठरवलं आणि त्याच्या युक्तीचं नाव ‘मुकी पकड’ पडलं. तो मुका नव्हता. जवळजवळ चाळीस वर्षं त्याचं स्वतःचं कर्तृत्व त्याच्या अपंगत्वाच्या, तेही चुकीच्या, नावाने जगभर फिरत राहिलं. आपल्या गावांत ‘लंगडा’, ‘बहिरा’, ‘चकणा’ अशी नावं आयुष्यभर चिकटलेली माणसं आठवा. त्यांच्यापैकी कोणाला आपण कधी विचारलं? टोनी हॉकने वेडलला विचारलं, आणि २०२० मध्ये आपल्या व्हिडिओ गेममध्ये त्या पकडीचं नाव ‘वेडल ग्रॅब’ केलं. आता बर्फावरच्या स्पर्धांतही ‘वेडल’ म्हणणारे समालोचक ऐकू येतात. बोली कोणाच्या मालकीची नसते, पण ती दुरुस्त करता येते. कॅलिफोर्नियाच्या ज्या प्रसिद्ध रिसॉर्टच्या नावात मूळनिवासी स्त्रियांना हिणवणारा शब्द होता त्यानेही २०२१ मध्ये नाव बदलून ‘पॅलिसेड्स टाहो’ केलं.

आणि शेवटी तो शब्द, ज्याच्यामुळे मी वही बंद करू शकले नाही: ‘वुम्फ’.

नव्या बर्फाच्या थराखाली कधी कधी साखरेसारख्या सुट्या कणांचा कमकुवत थर असतो. वरून माणसाचा भार पडला की तो थर एकदम खचतो, वरची सगळी लादी बोटभर खाली बसते आणि आतली हवा निसटते. त्या वेळी जो आवाज होतो तो स्कीअरांनी जसा ऐकला तसा उच्चारला, आणि तो उच्चार हिमस्खलनाच्या शास्त्रीय पुस्तकांत पारिभाषिक शब्द म्हणून जसाच्या तसा गेला. याहून चांगला शब्द शास्त्रज्ञांनाही सापडला नाही. सपाटीवर ‘वुम्फ’ झालं तर तो इशारा असतो. तीव्र उतारावर झालं तर अनेकदा वेळ उरत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या अफरवट शिखरावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले. बुखारीभोवती त्यांच्याबद्दल बोलताना सगळ्यांचा आवाज खाली येत असे.

शेवटच्या दिवशी आम्ही गंडोल्याने वर गेलो. सुरक्षित उताराची हद्द दाखवणाऱ्या दोरीच्या अलीकडे उभं राहून मी शिक्षकाला ‘वुम्फ’चा आवाज विचारला. त्याने हातमोजा काढला, मुठीने बर्फाचा एक उंचवटा दाबला आणि तोंडाने आवाज केला, घशातून, खोल. मी वहीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तो वाकून बघत होता. “मराठी में क्या लिखा?”

“धप्प,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली. “धप तो गिरने की आवाज़ है. यहाँ कुछ गिरता नहीं. नीचे से बैठ जाता है.”

मी थोडा वेळ विचार केला. विहिरीच्या काठची ओली माती पायाखाली जाते तेव्हाचा आवाज. “भसकन,” मी म्हटलं.

त्याने तो शब्द दोनदा तोंडात घोळवला, भसकन, भसकन. मग स्कीची काठी दोरीपलीकडच्या बर्फात हळूच खुपसली आणि कान देऊन उभा राहिला.